मोबदला नेमका कशाचा? व्यावसायिक सरोगसीच्या प्रश्नाला एका डॉक्टरचे उत्तर

प्रश्न असा आहे: एखादी सज्ञान स्त्री स्वतःच्या मर्जीने, पैसे घेऊन दुसऱ्या जोडप्याचे मूल पोटात वाढवायला तयार असेल, त्या जोडप्याला मूल मिळत असेल आणि तिच्या संसाराला हातभार लागत असेल, तर त्यात अनैतिक ते काय? आणि अनैतिक काहीच नसेल, तर इतक्या देशांनी व्यावसायिक सरोगसीवर बंदी का घातली?

माझे उत्तर आधी सांगते, कारणे नंतर. गर्भारपणाचा मोबदला घेणे मला अनैतिक वाटत नाही. पण आज जगात जे करार चालतात, त्यांतले बरेचसे गर्भारपणाच्या कष्टांचे पैसे देतच नाहीत. ते दोन वेगळ्याच गोष्टी विकत घेतात: त्या स्त्रीच्या शरीराबद्दलचे निर्णय, आणि शेवटी हातात पडणारे मूल. या दोन्ही गोष्टींना किंमत लावता येत नाही, मग रक्कम कितीही मोठी असो आणि सही कितीही खुशीने झालेली असो.

मी प्रसूती आणि वंध्यत्व या दोन्ही क्षेत्रांत काम केले आहे. शिवाय बरीच वर्षे, नव्या औषधांच्या माणसांवरील चाचण्यांना परवानगी देणाऱ्या नीती समितीवर होते. त्या समितीचा सरोगसीशी काय संबंध, असे वाटेल. पण माझे मत घडले ते तिथे.

नवे औषध पहिल्यांदा माणसाला दिले जाते तेव्हा बहुतेक वेळा निरोगी स्वयंसेवक लागतात. त्यांना त्या औषधाचा काडीचा उपयोग नसतो. ते पैशांसाठी येतात, आणि त्यांत गरजू माणसेच जास्त असतात. म्हणजे शरीर, जोखीम, पैसा आणि गरज हे चारही घटक इथे आहेत. तरीही आपण याला माणसाची विक्री म्हणत नाही. का? १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता आणि १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा या, माणसांवरील प्रयोगांसाठीच्या नीतिनियमांपासून जगाने याबाबत काही मर्यादा पक्क्या केल्या म्हणून. स्वयंसेवक कधीही, कारण न सांगता बाहेर पडू शकतो. त्याने हा हक्क सोडल्याचे लिहून दिले तरी तो कागद फोल ठरतो. बाहेर पडला त्या दिवसापर्यंतचे पैसे त्याला मिळतात. ‘शेवटपर्यंत टिकलास तरच रक्कम’ अशी अट आम्ही पुढे जाऊ देत नसू. इजा झाली तर उपचारांचा खर्च त्याच्या गळ्यात पडू नये, हे आधी पाहिले जाते. आणि ज्यांचा त्या चाचणीत काडीचा स्वार्थ नाही, असे लोक बसून प्रत्येक कागद वाचतात.

आता एखाद्या एजन्सीचा सरोगसी करार अशा समितीपुढे ठेवून पाहा. मी असे करार वाचले आहेत. त्यांतले बहुतेक पहिल्याच बैठकीत परत गेले असते. नैतिकतेची चर्चा ‘पैसे घ्यावेत की नाही’ या एका मुद्द्यावर अडकून पडते आणि हे सगळे तपशील नजरेआड होतात, याचे मला खरोखर वाईट वाटते. कारण अन्याय तिथेच दडलेला असतो.

सुरुवात जोखमीपासून करू. आजकाल जवळपास सगळीकडे सरोगेटचे (म्हणजे मूल पोटात वाढवणाऱ्या स्त्रीचे) स्वतःचे स्त्रीबीज वापरत नाहीत. जोडप्याचे किंवा दात्यांचे बीज आणि शुक्राणू घेऊन प्रयोगशाळेत भ्रूण तयार होतो आणि तो तिच्या गर्भाशयात सोडला जातो. त्यामुळे ‘मूल तिचे नाहीच, ती फक्त जागा देते’ असे बोलणे सर्रास ऐकू येते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हे धादांत चूक आहे. आधी कित्येक आठवडे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन, त्यातली काही इंजेक्शने रोजची. मग गर्भ राहिला की तिचे रक्ताचे प्रमाण वाढते, हृदयावरचा भार वाढतो, तिची प्रतिकारशक्ती जुळवून घेते. इथे तर गर्भ जनुकीयदृष्ट्या तिला पूर्णपणे परका असतो. दात्याच्या बीजापासूनच्या गर्भारपणात रक्तदाबाचा धोका वाढतो हे अनेक अभ्यासांत दिसले आहे, आणि सरोगसीतही परिस्थिती तीच. गर्भाच्या काही पेशी आईच्या शरीरात पुढे वर्षानुवर्षे राहतात, त्या याही स्त्रीच्या शरीरात राहतात.

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात २०१२ ते २०२१ या काळातल्या प्रसूतींचा अभ्यास झाला आणि तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. आईला गंभीर गुंतागुंत होण्याचे प्रमाण नैसर्गिकरीत्या गर्भ राहिलेल्यांत २.३ टक्के होते, स्वतःसाठी आयव्हीएफ केलेल्यांत ४.३ टक्के, आणि सरोगेट स्त्रियांत ७.८ टक्के. तीव्र रक्तदाब आणि प्रसूतीनंतरचा जास्त रक्तस्राव ही त्यातली मुख्य कारणे. एक गोष्ट लक्षात घ्या: हा प्रांत चांगल्या, सरकारी खर्चाने चालणाऱ्या आरोग्यसेवेचा आहे, आणि सरोगेट सहसा आधी सुखरूप बाळंत झालेल्या, निरोगी स्त्रियांतून निवडतात. तरीही हा आकडा. शंभरातल्या ९२ जणींना असे काही होत नाही हेही तितकेच खरे. म्हणून मी याला भयंकर म्हणणार नाही. पण ‘नेहमीच्या बाळंतपणासारखेच असते’ असे सांगून सही घेणे ही फसवणूक आहे, असे स्पष्ट म्हणेन.

यातली जी जोखीम टाळता येते, ती टाळणे आम्हा डॉक्टरांच्या हातात आहे. दोन भ्रूण सोडले की गर्भ राहण्याची शक्यता वाढते आणि जुळी होण्याचीही. पैसे मोजणाऱ्या जोडप्याला जुळी म्हणजे एका खर्चात कुटुंब पूर्ण. जुळ्यांच्या गर्भारपणातला वाढलेला रक्तदाब, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, रक्तस्राव हे मात्र तिच्या वाट्याला. एकाच वेळी एकच भ्रूण, हा नियम सरोगसीत तरी कुणाच्या विनंतीवरून मोडायचा नसतो.

आता पैशांकडे वळू. करार हातात आला की रकमेआधी मी हप्त्यांचे वेळापत्रक पाहते. कराराला नेमके काय हवे आहे ते तिथे उघड होते. कल्पना करा, गर्भ राहिल्यावर थोडी रक्कम, मग दर महिन्याला किरकोळ काही, आणि सिंहाचा वाटा मूल सुपूर्द केल्यावर. सहाव्या महिन्यात गर्भ दगावला तर? तिने सहा महिने कष्ट सोसले, वेदना सोसल्या, कदाचित शस्त्रक्रियाही सोसली. पण मोठा हप्ता गेला. याचा अर्थ तिचे कष्ट हा सौद्याचा विषय नव्हताच, मूल होते.

अमेरिकेतील न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ‘बेबी एम’ खटल्यात नेमके यावर बोट ठेवले होते. त्या करारात मूल ताब्यात दिल्यावर १०,००० डॉलर ठरले होते, आणि मूल मृत जन्मले तर १,००० डॉलर. दोन्ही परिस्थितींत स्त्रीचे गर्भारपण तेवढेच, प्रसूतीच्या कळा त्याच. न्यायालयाने करार अवैध ठरवला आणि ही कष्टांची मजुरी नसून मुलाचा ताबा मिळवण्याची किंमत आहे असे मानले. मुलीचा ताबा मात्र तिचे हित पाहून वडिलांकडे दिला आणि जन्मदात्रीचा भेटीचा हक्क मान्य केला. (तिथे बीजही त्या स्त्रीचेच होते, आजच्या पद्धतीहून हा फरक.) पुढे २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या, मुलांच्या विक्रीविषयीच्या विशेष प्रतिवेदकांनी (नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांनी) मानवी हक्क परिषदेला दिलेल्या अहवालातही हाच धागा आहे. सध्या चालते तशी व्यावसायिक सरोगसी ही सहसा मुलांची विक्रीच ठरते, असे त्यांनी म्हटले. पण पैसे केवळ गर्भारपणाच्या सेवेचे असतील, मूल देण्यावर अवलंबून नसतील, आणि जन्माच्या वेळी कायदेशीर आईपण त्या स्त्रीकडे असेल, तर ती विक्री ठरणार नाही, अशी वाटही त्यांनी दाखवली.

मला ही कसोटी पटते आणि तपासायलाही ती सोपी आहे. पैसे महिन्यागणिक सारखे असावेत, गर्भपात झाला किंवा मूल दगावले तरी तोवरचे पूर्ण आणि पुढच्या विश्रांतीचेही मिळावेत, आणि मूल हाती देण्याच्या दिवशी एक पैचाही हप्ता नसावा. ज्या जोडप्याला ही अट खुपते, त्याला आपण काय विकत घेतोय याचा नीट विचार करायला सांगावे लागते. बहुतेक जोडपी चांगली असतात. त्यांना करार एजन्सीने हातात दिलेला असतो आणि त्यांनी तो असा वाचलेलाच नसतो.

पैशांपेक्षाही मला जास्त अस्वस्थ करणारी कलमे वेगळी आहेत. ‘सरोगेटने जोडप्याच्या इच्छेनुसार गर्भपात करावा’, ‘एकाहून जास्त गर्भ राहिल्यास संख्या कमी करून घ्यावी’, ‘प्रसूती ठरलेल्या तारखेला सिझेरियनने व्हावी’, ‘गर्भारपणाचा काळ एजन्सीच्या निवासात काढावा’. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत गर्भात दोष आढळला तर काय, हा प्रश्न तर जवळपास प्रत्येक करारात एका ओळीत गुंडाळलेला असतो, आणि ती ओळ पैसे देणाऱ्याच्या बाजूने लिहिलेली असते. असे कलम न्यायालयात सहसा टिकणार नाही, असे वकील सांगतात. खरे असेल. पण हप्ता थांबण्याच्या भीतीने मान तुकवणारी स्त्री न्यायालयापर्यंत पोहोचतच नाही. तिच्यापुरते ते कलम अंमलात आलेलेच असते.

जिच्या पोटावर सुरी फिरणार, निर्णय तिचा. प्रसूतिशास्त्रात याला अपवाद नाही. गर्भारपणात आमच्यासमोर रुग्ण म्हणून असते ती तीच. जोडप्याला माहिती कळावी, त्यांच्याशी सल्लामसलत व्हावी, त्यांच्या भावनांची कदर व्हावी, हे सगळे मान्य. पण होकार-नकाराचा अधिकार करारातून दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही. न्यूयॉर्क राज्याने फेब्रुवारी २०२१ पासून मोबदल्याची सरोगसी कायदेशीर केली, तेव्हा त्यांनी सरोगेटच्या हक्कांची सनदच कायद्यात घातली. गर्भ ठेवण्या-न ठेवण्यासह आरोग्याचे सर्व निर्णय तिचे. तिच्यासाठी वेगळा, स्वतंत्र वकील, आणि त्याचे पैसे जोडप्याने भरायचे. प्रसूतीनंतर १२ महिन्यांपर्यंत आरोग्यविमा, शिवाय आयुर्विमा. हे हक्क करारात सोडून देता येत नाहीत. म्हणजे पैसे आणि सन्मान एकत्र नांदू शकतात, हे कायद्यात लिहून दाखवता येते.

‘पण ती स्वतः तयार आहे ना?’ हा मूळ प्रश्नाचा गाभा. गरिबीतून दिलेली संमती ही संमतीच नव्हे, असे अनेक अभ्यासक म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. गरीब स्त्रीला स्वतःचे बरेवाईट कळत नाही असे गृहीत धरणे मला तिचा अपमान वाटतो. खाणीत उतरणारा, उंच इमारतीवर चढणारा मजूरही गरजेपोटीच जातो, आणि आपण त्याची संमती रद्द धरत नाही. मग उपाय काय करतो? सुरक्षेचे नियम, भरपाई, कामाचे तास. दोन्ही बाजूंचा फायदा असलेला व्यवहारही शोषणाचा असू शकतो, असे तत्त्वज्ञ ॲलन वर्थायमर यांनी मांडले होते. ती स्त्री आधीपेक्षा चार पैसे वर येते, म्हणून तिला मिळालेला वाटा न्याय्य ठरत नाही.

समुपदेशनाच्या वेळी मी तिच्याशी एकटीशी बोलण्याचा आग्रह धरते. नवरा बाहेर, एजंट बाहेर, जोडपेही बाहेर. मग ‘तुमची तयारी आहे का’ असे विचारून काही हाती लागत नाही, उत्तर पाठ केलेले असते. मी विचारते: तुमचे स्वतःचे मूल या काळात कोण सांभाळणार? डॉक्टरांनी महिनाभर पडून राहायला सांगितले तर घर कसे चालेल? पैसे कोणत्या खात्यात येणार, आणि ते खाते कोण वापरते? गर्भाशय काढावे लागले, तर पुन्हा मूल होणार नाही. हे तुम्हाला कुणी सांगितले का? उत्तरे देताना बाई गप्प झाली, की तिला कुणीतरी पुढे केलेले आहे का, हे शोधावे लागते. आणि एक प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: हे तुम्ही कुणाला सांगणार आहात? केंब्रिज विद्यापीठातील एका अभ्यासात भारतातील सरोगेट स्त्रियांत, स्वतःसाठी गर्भार असलेल्या स्त्रियांच्या तुलनेत नैराश्याची लक्षणे जास्त आढळली, गर्भारपणातही आणि नंतरही. त्याचा संबंध बाळावर जीव जडण्याशी नव्हता. सरोगसी लपवावी लागणे आणि आधार न मिळणे यांच्याशी होता. माझाही अनुभव तसाच आहे. नऊ महिने खोटे बोलत जगणे माणसाला आतून पोखरते.

बाळापासून तुटण्याच्या दुःखाबद्दल लोकांच्या मनात मोठी धास्ती असते. अभ्यास तितके काळे चित्र दाखवत नाहीत. ब्रिटनमधील ३४ सरोगेट स्त्रियांच्या, प्रसूतीनंतर साधारण वर्षभराने घेतलेल्या मुलाखती २००३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. बहुतेकींना मूल सोपवताना मोठा त्रास झाला नव्हता, आणि सुरुवातीला झाला तोही काळाबरोबर ओसरला. म्हणून ‘आईपणाच्या विरुद्ध’ या युक्तिवादावर मी भर देत नाही. तत्त्वज्ञ एलिझाबेथ अँडरसन यांनी १९९० मध्ये मांडले की गर्भारपणाला बाजाराचे नियम लावले की स्त्रीला आपल्याच भावना दाबायला लावले जाते. डेब्रा सॅट्झ यांनी दोनच वर्षांनी त्याला उत्तर दिले: अडचण आईपणाच्या पावित्र्याची नाही, आधीच्या स्त्री-पुरुष विषमतेत आणखी एका विषमतेची भर पडते ही आहे. मी सॅट्झ यांच्या बाजूची.

आणि ज्याच्या नावाने हे सारे चालते ते मूल? ते करारावर सही करत नाही. इंग्लंडमध्ये सुझन गोलोम्बोक आणि सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास जन्मलेल्या सरोगसीच्या मुलांचा मागोवा थेट विसाव्या वर्षापर्यंत घेतला. २०२३ मध्ये आलेल्या निष्कर्षांत त्यांचे मानसिक आरोग्य आणि कुटुंबाशी असलेले नाते, नैसर्गिकरीत्या जन्मलेल्या मुलांहून वाईट आढळले नाही. ज्यांना लहानपणीच आपल्या जन्माची हकीकत सांगितली गेली, त्यांच्या घरातले संबंध अधिक चांगले होते. म्हणजे सरोगसीने जन्म झाला म्हणून मूल बिघडते, ही भीती निराधार आहे. मात्र हे अभ्यास अशा व्यवस्थेतले आहेत जिथे सरोगेट कोण हे ठाऊक असते आणि पुष्कळदा तिच्याशी संबंधही टिकतो. अनामिक दात्याचे बीज, परदेशातली अनामिक सरोगेट आणि फाडून टाकलेली कागदपत्रे अशा वाटेने आलेल्या मुलांबद्दल हा दिलासा जसाच्या तसा लागू करता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराच्या सातव्या आणि आठव्या कलमांनी मुलाला नाव, राष्ट्रीयत्व आणि ओळखीचा हक्क दिला आहे. त्या हक्कावर पाणी सोडायचा अधिकार कुठल्याच पालकाला नाही.

सीमा ओलांडून चालणाऱ्या सरोगसीत मुलांचे काय झाले, याची उदाहरणे सर्वांसमोर आहेत. २००८ मध्ये एका जपानी जोडप्याचा घटस्फोट मूल जन्मण्याआधीच झाला आणि भारतात जन्मलेली ती मुलगी कागदोपत्री कुणाचीच उरली नाही. तिची आजी येऊन महिनोन् महिने झगडली तेव्हा ती जपानला गेली. २०१४ मध्ये थायलंडमधल्या जुळ्यांची बातमी जगभर गाजली: ऑस्ट्रेलियन जोडप्याने मुलगी नेली, डाऊन सिंड्रोम असलेला मुलगा मागे राहिला. पुढे २०१६ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने, त्या जोडप्याने मुलाला टाकून दिले नव्हते, सरोगेटलाच तो स्वतःजवळ हवा होता, असा निष्कर्ष काढला. बातमीपेक्षा सत्य गुंतागुंतीचे निघाले, पण मूल आणि ती स्त्री या दोघांनाही आधार देणारी कायद्याची चौकट तिथे नव्हती, हे उरतेच. मे २०२० मध्ये, साथीमुळे सीमा बंद असताना, कीवमधल्या एका हॉटेलात ४६ तान्ही बाळे ओळीने ठेवलेली जगाने पाहिली. कंबोडियाने २०१६ मध्ये बंदी घातली, आणि २०१८ मध्ये तीसहून अधिक गर्भार सरोगेट स्त्रियांनाच मानवी तस्करीच्या आरोपाखाली पकडले. ती मुले आपणच वाढवू या अटीवर त्यांची सुटका झाली. शिक्षा झाली ती त्या साखळीतल्या सगळ्यांत दुबळ्या दुव्याला.

बंदीबद्दलचा माझा आक्षेप इथून सुरू होतो. एका देशाने दार लावले की धंदा शेजारच्या देशात जातो. भारताने परदेशी जोडप्यांना हळूहळू मज्जाव केला, तेव्हा ती नेपाळ आणि थायलंडकडे वळली. २०१५ मध्ये त्या दोघांनीही दार लावल्यावर कंबोडिया, मग लाओस. स्त्रिया बदलल्या, एजन्सी पुष्कळदा त्याच. इटलीने ऑक्टोबर २०२४ मध्ये एक पाऊल पुढे टाकून परदेशात जाऊन सरोगसी करणाऱ्या आपल्या नागरिकांनाही गुन्हेगार ठरवले. पण त्या मार्गाने जन्मलेल्या मुलाचे काय, हा प्रश्न उरतोच. फ्रान्समध्ये सरोगसीला बंदी आहे, तरी २०१४ मध्ये मेनेसों खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने, वडिलांशी असलेले मुलांचे नाते फ्रान्सला नाकारता येणार नाही असे ठरवले. २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या, स्त्रियांवरील हिंसाचाराविषयीच्या विशेष प्रतिवेदकांनी जगभरात सर्व प्रकारची सरोगसी संपवण्याची मागणी केली. त्यांनी मांडलेले शोषण खरे आहे, ते मी नाकारत नाही. पण बंदीने ते डोळ्यांआड जाईल, थांबणार नाही, असे मला वाटते.

मग ‘पैसे न घेता, निव्वळ परोपकाराने’ हा मधला मार्ग? भारताचा २०२१ चा सरोगसी नियमन कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यात वैद्यकीय खर्च, ३६ महिन्यांचा विमा आणि नियमांत ठरवून दिलेले खर्च यांपलीकडे काही देता येत नाही. सरोगेट २५ ते ३५ वर्षांची, स्वतःचे मूल असलेली हवी, आणि आयुष्यात एकदाच. कॅनडातही २००४ पासून मोबदला देणे हा गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये खर्च तेवढा देता येतो. वयाच्या, विम्याच्या, एकदाच करण्याच्या अटी मला योग्य वाटतात. पण परोपकाराच्या नावाखाली काय चालते तेही पाहिले पाहिजे. डॉक्टर, भ्रूणतज्ज्ञ, वकील, प्रयोगशाळा, औषध कंपनी या सगळ्यांना पूर्ण पैसे. फुकट राबायचे ते फक्त जिने जीव धोक्यात घातला तिने. आणि घरातल्या घरात मूल हवे असेल, तर धाकट्या जावेला, विधवा बहिणीला, दिराच्या उपकाराखाली असलेल्या भावजयीला ‘नाही’ म्हणणे सोपे असते का? पैशांच्या दडपणाचा निदान हिशेब मांडता येतो. नात्याच्या दडपणाला कागद नसतो आणि साक्षीदारही नसतो. अशा स्त्रियांचे समुपदेशन मला नेहमी जास्त अवघड गेले आहे.

आता ज्या मुद्द्यावर माझी औषधचाचणीची तुलना अपुरी पडते, त्याकडे येते. स्वयंसेवक चाचणी सोडून गेला तर दुसऱ्या कुणाचे आयुष्य उलटेपालटे होत नाही. इथे मात्र सातव्या महिन्यात तिचे मन बदलले, मूल स्वतःजवळ ठेवावेसे वाटले, तर? ज्या जोडप्याच्या बीजापासून ते मूल झाले, वर्षानुवर्षे उपचार घेऊन जे इथवर पोहोचले, त्यांचे काय? या प्रश्नावर कायदे दोन टोकांना आहेत. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये, मूल जन्माला घालण्याचा मूळ हेतू ज्यांचा होता तेच पालक, असा निकाल दिला. तिथे जन्माआधीच जोडप्याच्या नावाचा आदेश निघतो. ब्रिटनमध्ये याउलट: जिने जन्म दिला ती कायद्याने आई, तिने सहा आठवड्यांच्या आत दिलेली संमती ग्राह्य धरत नाहीत, आणि मगच न्यायालय पालकत्व दुसऱ्यांकडे सोपवते.

दोन्हींत कुणाचा तरी जीव टांगणीला लागतो, हे कबूल करून मी ब्रिटनच्या बाजूने आहे. मन बदलण्याचे प्रसंग थोडे असतात, म्हणून ही मुदत ठेवल्याने व्यवस्था कोसळत नाही. पण ती मुदत आहे हे ठाऊक असल्यामुळे जोडपे, एजन्सी आणि डॉक्टर तिच्याशी पहिल्या दिवसापासून वेगळे वागतात. वाद झालाच, तर मूल कुणाकडे राहावे हे त्या मुलाचे हित पाहून न्यायालयाने ठरवावे. दोन वर्षांपूर्वीच्या कागदावरील सही ही त्यातली एक बाब असावी, एकमेव नव्हे.

आणि ज्यांना मूल हवे आहे, त्यांच्याबद्दल दोन शब्द. जन्मतः गर्भाशय नसलेली, कर्करोगात ते गमावलेली, हृदयविकारामुळे गर्भारपण झेपणार नाही अशी स्त्री ‘दत्तक का घेत नाही’ हा प्रश्न इतक्या जणांकडून ऐकते की तिला उत्तर देण्याचेही त्राण उरत नाही. अपत्याची ओढ ही चैन नाही. मी त्यांना थांबवू पाहत नाही. फक्त त्यांच्या ओढीचे ओझे कुणाच्या शरीरावर पडते आहे, हे त्यांनी शेवटपर्यंत पाहावे, असे म्हणते. त्या स्त्रीला भेटा. तिचा वकील आणि तिचा प्रसूतितज्ज्ञ तुमच्याहून वेगळा असू द्या, कारण तुमच्या पैशांवर चालणारा एकच डॉक्टर दोघांचेही हित नि:पक्षपणे पाहील ही अपेक्षा माणसाच्या स्वभावाला धरून नाही. विमा प्रसूतीच्या दिवशी संपत नाही ना, ते बघा. तिचे नाव आणि मुलाच्या जन्माची कागदपत्रे जपून ठेवा. मूल एक दिवस ती मागेल.

मूळ प्रश्नाचे सरळ उत्तर असे. ज्या व्यवस्थेत तिच्या कष्टांचा मोबदला महिन्यागणिक मिळतो, निर्णय तिच्याकडे राहतात, इजेची जबाबदारी तिच्यावर पडत नाही, जन्मानंतर विचाराला अवधी असतो आणि मुलाला आपला उगम कळू शकतो, तिथे पैसे दिले म्हणून मी कुणाला दोष देणार नाही. यातली एक अट जरी गाळलेली दिसली, तरी मी तिला सही करू नका असे सांगते, आणि जोडप्यालाही तेच सांगते, ते पैसे भरून बसलेले असले तरी.